फळ्यावर हलणारी अक्षरे आणि लिथियमची गोळी

पत्र

माझे यजमान माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. वय 41. तीन वर्षांपूर्वी गणेशोत्सवात त्यांनी मंडळाच्या मांडवात सलग चार रात्री जागून काढल्या आणि विसर्जन झाले तरी त्यांची झोप काही परत आली नाही. जेमतेम दोन तास झोपायचे आणि ताजेतवाने उठायचे. रात्री एक वाजता मुख्याध्यापकांना फोन करून शाळेच्या नव्या योजना सांगायचे. त्याच दिवसांत पतसंस्थेतून तीन लाखांचे कर्ज काढून जुना टेम्पो घेतला. आमच्या घरात टेम्पो चालवता कोणालाच येत नाही. दिवाळीनंतर तेच गृहस्थ पाच महिने अंथरुणाला खिळल्यासारखे झाले, आंघोळीलाही हात धरून न्यावे लागे. सासूबाईंनी देवऋषी केला. मग नेहमीच्या डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली, तिने ते उठले आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा जोरात सुरू झाले. शेवटी मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, तीन आठवडे दाखल केले, 'बायपोलर', म्हणजे कधी उन्मादाचा चढ तर कधी खिन्नतेचा उतार आणणारा आजार, असे निदान झाले. तेव्हापासून मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम चालू आहे. गेले 14 महिने सगळे ठीक आहे.

आता ते म्हणतात, गोळ्या बंद करतो. मी नको म्हटले की म्हणतात, "या घरात मला आनंदात राहायची चोरी झाली आहे. मी गाणे गुणगुणलो की तू गोळ्या मोजायला जातेस." हे खोटे नाही, मी मोजते. मुलगी 13 वर्षांची आहे. तिलाही हे होईल का, हे कोणाला विचारावे तेच कळत नाही. सासूबाई म्हणतात, इतकी गरम औषधे जन्मभर कशाला, त्यापेक्षा त्याला निर्जळी एकादशी धरू दे. मी काय करू?

ता. क. हल्ली त्यांची फळ्यावरची अक्षरे हलतात, पोरे हसतात म्हणे. हे आपले सहज लिहिले.

— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातील ताजा कलमापासूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते संपूर्ण पत्राची किल्ली तिथे आहे. मी मानसोपचार विभागात समाजसेविका म्हणून 31 वर्षे काम केले. औषध लिहून देण्याचा अधिकार मला नाही, तेव्हा गोळीचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. परंतु गोळी का सोडली, हे रुग्णाच्या तोंडून ऐकण्याचे काम इतकी वर्षे माझ्याकडेच होते. त्या अनुभवावरून सांगते, गोळी सोडणाऱ्या माणसाने घरी सांगितलेले कारण आणि खरे कारण बरेचदा निराळे असते. तुमच्या यजमानांनी तुम्हाला आनंदाचे कारण सांगितले. फळ्याचे सांगितले नाही. ते तुम्हाला बहुधा मुलीकडून किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कळले असावे, कारण तुम्ही 'हसतात म्हणे' असे लिहिले आहे.

गणिताच्या शिक्षकाची अर्धी प्रतिष्ठा फळ्यावर असते. कर्कटकाशिवाय एका झटक्यात वर्तुळ काढणारे मास्तर आपल्या सगळ्यांच्या आठवणीत असतात. ज्याचा हात वीस वर्षे असा चालला, त्याला आता बेरजेच्या चिन्हाची आडवी रेघ सरळ येत नसेल आणि मागच्या बाकावरून हसू ऐकू येत असेल, तर ती गोळी त्याला रोज किती वेळा आठवत असेल याचा विचार करा. लिथियम घेणाऱ्या पुष्कळ लोकांच्या हाताला बारीक कंप येतो. तो औषधाचा माहितीतला परिणाम आहे आणि त्यावर उपाय आहेत. रक्तातील प्रमाण पाहून डोस थोडा उतरवता येतो का, दिवसातून दोनदा घेतली जाणारी गोळी रात्री एकदाच देता येते का, सावकाश विरघळणाऱ्या प्रकारची देता येते का, हे डॉक्टर पाहतात. कधी कंप कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी जोडतात. दमा असेल तर ती चालत नाही, म्हणून ते आधी सांगावे लागते. चहामुळेही कंप वाढतो, पण म्हणून चहा एका दिवसात तोडू नये. चहा-कॉफीमुळे लिथियम लघवीवाटे काहीसे अधिक बाहेर पडत असते. ती सवय अचानक थांबली की रक्तातील लिथियम वर जाते. इतक्या साध्या गोष्टीसुद्धा डॉक्टरांना विचारून कराव्या लागतात, हे या औषधाचे वैशिष्ट्य आहे आणि जाचही आहे.

मग त्यांनी हे डॉक्टरांना का सांगितले नाही? कारण बायपोलरच्या रुग्णाने औषधाविरुद्ध अवाक्षर काढले की समोरचे सगळे, डॉक्टरांसकट, 'हा आता गोळ्या टाळायला लागला' अशा नजरेने पाहतात. आम्हीही पाहत होतो. म्हणून तो गप्प बसतो, आणि एके दिवशी कोणालाही न सांगता गोळ्या बंद करतो. तेव्हा 'गोळ्या बंद करायच्या नाहीत' या वाक्याने बोलण्याला सुरुवात करू नका. 'हाताचा त्रास होतो आहे हे मला कळले, आपण डॉक्टरांकडे फक्त त्यासाठी जाऊ' एवढेच म्हणा.

कंप दोन प्रकारचा असतो आणि त्यातला फरक घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असावा. बोटांचा बारीक थरथराट त्रासदायक असला तरी सहसा धोक्याचा नसतो. पण हात मोठा, ठसठशीत हलू लागला, त्याच्या जोडीला उलट्या, जुलाब, चालताना झोक जाणे, जीभ जड होणे, गुंगी येणे यांतले काही आले, तर रक्तात लिथियम साचल्याची शक्यता असते. अशा वेळी पुढची गोळी देऊ नये आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. लिथियमची उपयोगाची मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार अंतर नाही. दीर्घकाळ घेणाऱ्याच्या रिपोर्टवर आकडा साधारणपणे 0.6 ते 0.8 असावा अशी अपेक्षा असते, काहींना 1.0 पर्यंत ठेवतात, आणि 1.5 च्या पुढे विषबाधेची भीती सुरू होते. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे प्रकृती स्थिर असेल तर सहा महिन्यांनी रक्त तपासावे लागते. त्याबरोबर थायरॉइड, मूत्रपिंडाचे काम आणि कॅल्शियमही. तुमच्या पत्रात रक्ततपासणीचा शब्दही नाही, त्यामुळे मला जरा काळजी वाटली.

सासूबाईंच्या एकादशीचे उत्तर इथेच देते. लिथियम हा क्षार आहे, मिठातल्या सोडियमचा जवळचा भाऊबंद, आणि आपल्या मूत्रपिंडांना या दोघांतला फरक नीट कळत नाही. अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवू लागतात आणि त्याच्याबरोबर लिथियमही अडकून राहते. सांगली-मिरजेकडच्या ज्येष्ठातल्या उकाड्यात दिवसभर पाण्याचा थेंब न घेणे म्हणजे गोळी तीच ठेवून रक्तातला आकडा आपण होऊन वर ढकलणे आहे. काही घरांत अळणी वार पाळतात, त्याचाही तोच परिणाम होतो. जुलाब-उलट्या, ताप, उन्हात पायी वारी, अचानक मीठ तोडणे, सगळ्याचा हिशेब एकच आहे. त्याचप्रमाणे अंग दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणि रक्तदाबाची काही औषधेही लिथियम वाढवतात. दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्यावी आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना 'मी लिथियमवर आहे' हे पहिल्या वाक्यात सांगावे. सासूबाईंना मात्र हे सगळे शास्त्र ऐकवू नका. मुलासाठी काहीतरी केल्याशिवाय त्यांना चैन पडणार नाही, आणि त्यात गैर काही नाही. एकादशी त्यांनी त्याच्या नावाने करावी, त्याच्या वाटणीचे पाणी मात्र त्यालाच प्यायला द्यावे, असा तोडगा मी अनेक घरांत चाललेला पाहिला आहे.

आता गोळी बंद करण्याचा प्रश्न. यावर मला एक जुनी हकीकत सांगावीशी वाटते, कारण ती या औषधाची जन्मकथाच आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या एका मनोरुग्णालयात जॉन केड या डॉक्टरांनी 1948 मध्ये काही रुग्णांना लिथियम देऊन पाहिले आणि 1949 मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांच्या पहिल्या रुग्णाचे वय पन्नाशीचे होते आणि पाच वर्षे तो उन्मादातच होता. रुग्णालयातून तो कधी बाहेर पडेल अशी आशा कोणाला उरली नव्हती. लिथियमने तो काही महिन्यांत इतका सुधारला की घरी गेला, आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. आणि मग बरे वाटते आहे म्हणून त्याने गोळी सोडली. सहा महिन्यांच्या आत तो पुन्हा रुग्णालयात होता. गोळी सुरू झाली, पुन्हा सुधारला; पण तेव्हा रक्तातील प्रमाण मोजून डोस ठरवण्याची रीत नव्हती, आणि 1950 मध्ये तो लिथियमच्या विषबाधेने दगावला. केड यांच्या त्या पहिल्या रुग्णाच्या वाट्याला या औषधाचे दोन्ही धडे आले. बरे वाटले म्हणून सोडले तर आजार परत येतो, आणि न मोजता घेत राहिले तर औषधच उलटते. तुमच्या घरात आज पहिल्या धड्यावरून भांडण चालू आहे आणि दुसरा कोणाच्या लक्षातही नाही.

यजमानांना जे 14 महिने 'मी आता बरा आहे' याचा पुरावा वाटतात, ते गोळी चालू असतानाचे 14 महिने आहेत. गोळी एकदम थांबवली तर पुढच्या काही महिन्यांत उन्माद उलटून येण्याचा धोका विशेष असतो. कधी काळी बंद करायचीच ठरली, मूत्रपिंडाच्या किंवा अन्य कारणाने, तरी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली किमान चार आठवडे, आणि जमल्यास तीन महिने घेऊन, पायरीपायरीने उतरवतात. वर्षाच्या आत उन्मादाचे दोन झटके आलेल्या माणसाला कोणतेही डॉक्टर दीर्घकाळ औषध घ्या असेच सांगतील, असे मला वाटते. लिथियम अगदीच सोसत नसेल तर दुसरी औषधे आहेत, त्यांचेही आपापले त्रास आहेत. म्हणजे त्यांच्यासाठी प्रश्न 'औषध की मोकळीक' असा नसून 'कोणते औषध, किती, आणि कोणता त्रास मला चालेल' असा आहे. तो त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारायला हवा, तुमच्या तोंडून नव्हे.

या आजाराविषयी थोडे नेमके सांगते, कारण हल्ली सकाळी रुसलेला माणूस संध्याकाळी हसला की लोक त्याला गमतीने 'बायपोलर' म्हणतात आणि त्यामुळे खऱ्या रुग्णाची फार पंचाईत होते. यातले चढउतार तासांचे नसतात. उन्माद म्हणण्यासाठी तो निदान आठवडाभर टिकावा लागतो, नाहीतर इतका तीव्र असावा लागतो की दाखलच करावे लागेल. सौम्य उन्मादालाही चार दिवसांची मोजणी आहे, आणि खिन्नतेला दोन आठवड्यांची. चढ सगळ्यांना दिसतो, गावभर होतो, पण बहुतेकांच्या आयुष्यात उताराचे दिवस चढाच्या दिवसांपेक्षा कितीतरी अधिक असतात. तुमच्याकडेही मांडवातला गोंधळ काही आठवड्यांचा आणि अंथरूण पाच महिन्यांचे, असेच झाले. आणखी एक गोष्ट. उन्माद म्हणजे आनंदच असे नाही. कित्येकांच्या बाबतीत तो चिडचिड, संशय आणि कोणी अडवले तर संताप या रूपानेच येतो. कधी चढ आणि उतार एकमेकांत मिसळून येतात, माणूस रडत असतो आणि त्याला स्वस्थही बसवत नाही. ती अवस्था सर्वांत धोक्याची.

नैराश्याच्या गोळीने ते एकाएकी उसळले, त्याबद्दल तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांवर राग धरू नका. बायपोलरच्या माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली, सोबत मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध नसले, तर ती उन्मादाकडे ढकलू शकते. पण अंथरुणाला खिळलेला माणूस पाहून कोणालाही साधे नैराश्यच वाटेल. गणपतीतल्या त्या रात्रींबद्दल तिथे कोणी विचारले नसावे आणि तुम्हीही, ते वेगळेच प्रकरण आहे असे समजून, सांगितले नसावे. असे फार घरांत होते. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असणाऱ्या दर दहांपैकी सुमारे सात जण उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते असे आढळले होते. तुम्ही देवऋष्यापासून निघून उरलेल्या तिघांत येऊन पोचलात.

आता सर्वांत अवघड भागाकडे येते, ते गाणे गुणगुणण्याचे. तुमचे गोळ्या मोजणे मला अगदी समजते. ज्या बाईने टेम्पो दारात उभा राहिलेला पाहिला आहे, तिला नवऱ्याचे गुणगुणणे साधे ऐकू येणे शक्यच नाही. पण त्यांचे म्हणणेही खरे आहे. त्यांच्या प्रत्येक हसण्याचा अर्थ आता घरात लावला जातो. खूश झाले तर चढ, गप्प बसले तर उतार, आणि चिडले तर 'आज गोळी घेतली का?' जो माणूस रागावला की त्याच्या रागाचे कारण न विचारता गोळीची चौकशी होते, त्याला घरात माणूस म्हणून राहणे कठीण जाते. माझी विनंती अशी की मनाकडे पाहणे सोडा आणि झोपेकडे पाहा. झोप मोजता येते, तिच्यावरून भांडण होत नाही, आणि चढाची पहिली खूण बहुतेक वेळा तिथेच उमटते. आनंदी माणूस उशिरापर्यंत जागला तर दुसऱ्या दिवशी पेंगतो. चढाकडे निघालेला माणूस तीन तास झोपून पेंगत नाही. गुणगुणणे आणि सात तास झोप असेल, तर ते गाणे आहे. तुम्हीही सोबत म्हणा. गुणगुणणे आणि सलग दोन रात्री तीन-चार तास झोप, तरी थकवा नाही, असे असेल तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. झोप उडणे हे चढाचे लक्षण असते तसेच त्याचे कारणही असते, म्हणून मांडवातल्या चार रात्रींना मी केवळ योगायोग मानत नाही.

खुणांची बाकीची यादी त्यांच्याकडून करून घ्या, त्यांच्याच अक्षरात. दोन्ही वेळी सुरुवातीच्या आठवड्यात काय काय बदलले, हे त्यांना आता शांतपणे आठवता येईल. रात्रीचे फोन, नवी योजना, खरेदी, बोलण्याचा वेग, समोरच्याचे वाक्य पुरे न होऊ देणे. उताराकडे जाताना दाढी न करणे, वह्या तपासायच्या राहणे, शाळेतून आल्यावर सरळ आडवे होणे. प्रत्येक माणसाची यादी निराळी असते, पण त्याच माणसाच्या बाबतीत बहुधा तीच यादी पुन्हा पुन्हा येते. त्याखाली त्यांनीच लिहावे की यातल्या कोणत्या खुणा दिसल्या तर तुम्ही बोलायचे आणि काय शब्दांत बोलायचे. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने 'विहिरीला पाणी चढले का?' असे वाक्य ठरवले होते. पाहुण्यांसमोरही ते बोलता यायचे आणि कोणाला काही कळायचे नाही. यादीबाहेरच्या गोष्टींवर तुम्ही बोलायचे नाही, हा तुमच्याकडचा शब्द. गोळ्या मोजणे तुम्ही थांबवा. सात दिवसांच्या कप्प्यांची डबी मिळते, ती रविवारी रात्री त्यांनी स्वतः भरावी आणि ती डबी चहाच्या डब्याशेजारी उघड्यावर असावी. तुम्हाला न विचारता दिसेल, त्यांना विचारले गेल्यासारखे वाटणार नाही.

हे सगळे आत्ता करायचे, या चांगल्या दिवसांत. चढ सुरू झाल्यावर यादी करायला बसाल तर ते म्हणतील, मला काहीच झालेले नाही, आणि ते मनापासून म्हणतील, कारण आपण आजारी आहोत हे न कळणे हाही त्या अवस्थेचाच भाग आहे. उतारात ते यादी करतील, पण तिच्यात स्वतःला दोष देण्यापलीकडे काही नसेल. पैशांचेही तसेच. एका ठरावीक रकमेवरचा खर्च किंवा कोणतेही कर्ज दोन पूर्ण रात्रींच्या झोपेनंतरच करायचे, पतसंस्थेत दोघांची सही लागेल अशी व्यवस्था करायची, मोबाइलवरून पैसे पाठवण्याची दैनिक मर्यादा कमी ठेवायची. हे आज त्यांना अपमानाचे वाटणार नाही, कारण टेम्पोचा हप्ता तेच भरत आहेत. गणेशोत्सव बंद करू नका. मंडळ त्यांच्यापासून तोडलेत तर आजाराने नेले त्याहून जास्त तुम्ही न्याल. वर्गणीचा हिशेब, दुपारची आरती, मुलांच्या स्पर्धा ही कामे त्यांनी घ्यावीत; रात्रीचा पहारा, नवरात्रातले जागर आणि कोणाच्याही लग्नाआधीचा रात्रभराचा गोंधळ मात्र नको. दहा वाजता घरी, एवढे एकच बंधन.

2017 च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने आणखी एक सोय दिली आहे. माणसाला बरे असताना लिहून ठेवता येते की पुढे मानसिक आजार बळावला तर माझ्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, आणि त्या वेळी माझ्या वतीने निर्णयात मदत कोणी करावी. कायद्याच्या कलम 5 आणि 14 मध्ये हे आहे. रीतसर नोंदणीच्या फेऱ्या तुम्ही माराल की नाही, मला ठाऊक नाही. पण यजमानांनी एका कागदावर हे लिहून, तुम्ही दोघांनी सही करून, त्याची प्रत डॉक्टरांच्या फाइलमध्ये ठेवली, तरी दाखल करण्याच्या रात्री तुम्हाला त्याचा आधार होतो. तुम्ही जबरदस्ती करत आहात असे न वाटता, त्यांचेच म्हणणे त्यांना दाखवता येते. याच कायद्याने आजाराच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्कही दिला आहे, तेव्हा शाळेत किती सांगायचे हे त्यांनी ठरवावे. मुख्याध्यापकांना रात्री एकचे फोन गेले आहेत, म्हणजे त्यांना काहीतरी कळले आहेच. एखादे वाक्य बोलून ठेवले तर रक्ततपासणीच्या सकाळी उशिरा येण्याची परवानगी तरी मागता येईल.

उताराबद्दल एक गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहिणे भाग आहे. या आजारात आत्महत्येचा धोका खरा आहे, आणि तो कमी करण्यात लिथियमचा वाटा मोठा आहे. गोळी न सोडण्याचे हे मला वाटते सर्वांत वजनदार कारण आहे. पुन्हा कधी ते अंथरुणाला खिळले, 'मी तुमच्यावर ओझे आहे' असे बोलू लागले, निरवानिरवीची भाषा करू लागले, तर सरळ विचारा, "जीव द्यावा असे मनात येते का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा दिवसांत घरातली फवारणीची औषधे कुलपात हलवा आणि लिथियमचा महिन्याचा साठा तुमच्या ताब्यात घ्या, डबीत एका आठवड्यापुरताच ठेवा. त्यांना एकटे सोडू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा. डॉक्टर मिळाले नाहीत तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. प्रत्यक्ष धोका समोर दिसत असेल तर फोनवर वेळ न घालवता जवळचे रुग्णालय. पोलिसांच्या भीतीने असा प्रसंग लपवू नका. याच कायद्याचे कलम 115 असे मानते की प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता, आणि त्याला उपचार देण्याची जबाबदारी शासनावर टाकते.

मुलीविषयी. हा आजार घराण्यात उतरतो हे खरे, पण 'उतरतो' या शब्दाने वाटते तितका नाही. आई-वडिलांपैकी एकाला बायपोलर असेल तर शंभर मुलांत साधारण पाच ते दहा जणांना तो होतो. एरवी हे प्रमाण शंभरात एखादे असते. म्हणजे धोका सामान्य घरापेक्षा अधिक आहे, आणि तरीही शंभरातल्या नव्वदांना तो होत नाही. यासाठी आज कोणतीही रक्ततपासणी नाही आणि करून घ्यायचेही काही नाही. तेरा वर्षांची मुलगी दार आपटेल, रडेल, रात्री उशिरा जागेल. त्या प्रत्येक गोष्टीत वडिलांचा आजार शोधायला लागलात तर आता यजमानांची जी तक्रार आहे तीच पाच वर्षांनी तिची असेल. तिला सांगायचे मात्र आहे. तिने मांडवही पाहिला आहे, अंथरूणही पाहिले आहे, आणि शाळेत हसणाऱ्या पोरांत तिचे वर्गमित्रही असतील. बाबांना मेंदूचा एक आजार आहे, त्यात झोप आणि उत्साह यांवरचा ताबा सुटतो, औषधाने तो आवरतो, तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि बाबांना सांभाळायचे काम तुझे नाही, इतके पुरे. शक्य असेल तर हे तिच्या बाबांनीच तिला सांगावे. तिच्या मनात अजून प्रश्न असतील, ते तेव्हा निघतील.

तुमच्या स्वतःबद्दल पत्रात एकच ओळ आहे, 'मी मोजते'. तुमची झोप कशी आहे, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारले नाही तरी तुम्ही सांगा.

ती भेट लवकर घ्या, या महिन्यातच. आदल्या रात्री नऊला गोळी घेतली असेल तर रक्त सकाळी नऊला द्यावे, कारण लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी मोजतात. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर, आधी नाही. आणि यजमानांना एक काम सांगा, ते त्यांच्या विषयातलेच आहे. हाताचा कंप पाहण्यासाठी डॉक्टर कागदावर सर्पिल काढायला सांगतात, मधल्या ठिपक्यापासून बाहेर उलगडत जाणारी रेघ. त्यांनी आजपासून दर रविवारी, डबी भरून झाली की, मनगट टेबलाला न टेकता, त्याच पेनाने, एकाच वहीत एक सर्पिल काढावे आणि खाली तारीख घालावी. डोस बदलला तर पुढच्या पानांवर रेघ सुधारते की नाही हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. भेटीला जाताना ती वही, रक्ताचा रिपोर्ट आणि शाळेच्या फळ्याचा मोबाइलवर काढलेला एक फोटो सोबत असू द्या. फोटो त्यांनीच दाखवावा.